मुकादमाचं अंथरूण

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वैष्णवी,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा आसतो म्हणून लिहिते. घे आशीर्वाद. आता कामाचं ऐक.

तुझ्या आबाची घोंगडी पाठवून दे. माजलगावाहून हिकडं कड्याच्या बाजाराला येणारं कुणी भेटलं तर त्याच्याजवळ दे, न्हाई तर पार्सल कर. धुऊ नको. झटकूबी नको. हाय तशी गुंडाळ आन पाठव.

तू म्हणशील, हिला आता घोंगडी कावून लागती. मला न्हाई लागत. मुकादमाला लागती.

तुझ्या फोनात माझा नंबर बंद करून ठिवलास. शहादेव भावजीच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकला की कट. म्हणून पत्र. चौथी झालेल्या बाईला चाळीस वर्सांनी पेन धरायला लावलास. दोन ओळीत बोटं दुखायलीत, त्यामुळं वाकडंतिकडं दिसलं तर तुझ्या तोंडाकडं बघ आन गप वाच.

तुला कुणी सांगितलं नसंल. आबा गेल्यापासून आपलं मुकादम कुत्रं घरात झोपत न्हाई. राख सावडायच्या दिवशी त्यांचं अंथरूण ओढ्यापल्याड शिवेवर नेऊन टाकलं, तिथं बाभळीखाली जाऊन पडतंय. दिवसा येतंय, भाकरी खातंय, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून मुकादमकी करतंय, आन दिवस कलला की उठून चाललं. तिथं आता काय न्हाई. वाकळ पावसात कुजली, उशीचा कापूस पाखरांनी नेला. तरी तिथंच. नऊ वर्साचं कुत्रं, मोटारसायकलनं मागचा पाय मोडल्यापासून लंगडं, आन पाच महिने उघड्यावर.

पावसाळाभर मी म्हणलं, जाऊ दे, कुत्र्याची जात, इसरंल. आता इसरायला टाइम न्हाई. साखर कारखाना चालू झालाय. ऊस तुटायलाय तसं त्यात दडलेलं बिबट्याचं जनावर भाईर पडायलंय. मागल्या आठवड्यात खालच्या वस्तीवरची दोन कुत्री नेली. शेळ्या दावणीला तशाच, कुत्री गायब. वनखात्याचा माणूस येऊन गेला. म्हणला, "मावशी, आपल्याला गरम भजं तसं बिबट्याला कुत्रं. घरात घ्या आन दार लावा. भाईर बांधलं तर ताट वाढून ठिवल्यासारखं हाय."

घरात घ्या म्हणे. तू घेऊन दाखव.

दाव्यानं बांधलं, दोन दावी कुरतडली. साखळी घातली तर गळा सोलून घेतला. कडी लावून कोंडलं तर दाराला धडका, आन असं रडायचं की सुरेखा आली उठून. "जाऊबाई, सोडा त्याला, माझी म्हैस पान्हा चोरायली," म्हणली. सोडलं.

मग भावजी म्हणले, "वहिनी, ते घरावर रुसलेलं न्हाई. अंथरुणावर रुसलंय. चांगलं अंथरूण करा." उभ्या जन्मात तुझा चुलता एक शाणपणाचं बोलला, ते हे.

पहिलं बारदान्यात उसाचं पाचट भरलं. चांगलं मऊ झालतं. त्यानं पायानं समदं उकरून घरभर केलं. पाचट टोचतंय त्याला, म्हातारं झालंय, कोपराची कातडी गेलीय. मग कड्याच्या बाजारातून लहानी गादी आणली. गादीवाला इचारतो, "बाळ कितव्या महिन्यातलं?" म्हणलं, "नऊ वर्साचं हाय, कान कापलेलं हाय, आन चावतं." त्यानं दुसरं काय इचारलं न्हाई. पर गादीत त्याचा लंगडा पाय रुतायला लागला. बसलं की उठता येईना. कण्हतंय आन माझ्याकडं बघतंय, जसं काय मीच पाय मोडलाय. गादी गेली.

तवा डोक्यात आलं की लंगड्या कुत्र्याला कडकबी नको आन मऊबी नको. भावजीनं जुन्या बाजेचे पाय कापून वीतभर उंचीची बाज केली. सुतळी आवळून विणली, वर वाकळ चौपदरी. खालून गार लागत न्हाई, उठताना पायाला जोर भेटतो, हनुवटी टेकायला कड हाय. आडोशाला भिंत, तोंड दाराकडं, कारण कुत्र्याला दार दिसल्याशिवाय झोप न्हाई. चढलं. चार घेरे घेतले. बसलं! सुरेखानं हात जोडले. मग नाक खाली घातलं, वाकळ हुंगली, पुन्हा हुंगली, आन उतरून ओढ्याकडं चालू लागलं.

जागा जमली. वास जमला न्हाई. तुला ठावं हाय, आबाच्या पायथ्याला घोंगडीच्या कोपऱ्यावर झोपायचं ते. त्याला तीच पायजे.

आन तू इचारायच्या आधी सांगते, माझ्याजवळ त्यांचं काय न्हाई. चिंधी सुदिक न्हाई. मेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण ठिवायचं नसतं, मी माझ्या हातानं समदं काढून दिलं. एक घोंगडी तू ढिगातून वढलीस. त्या दिवशी भावकीत जे झालं ते झालं. माझा हात उठला. तू घोंगडी काखेत मारलीस आन दहाव्यालाबी थांबली न्हाईस. तुझ्या जीपमागं हेच लंगडं कुत्रं फाट्यापातूर पळत गेलतं, ते तरी ध्यानात ठिव.

माझ्यासाठी न्हाई मागत. पाठव.

छबुबाई, तुझी आई


गुरुवार, २८ नोव्हेंबर

वैष्णवी, पाकीट परत आलं. वर 'घेण्यास नकार'. अक्षर पोस्टमनचं, नकार तुझा. म्हणून आता कार्ड धाडते. कार्ड हातात पडलं की माणूस वाचल्याशिवाय ऱ्हात न्हाई. पोस्टमनबी वाचणार, वाचू दे. परवा बिबट्यानं भावजीचं कुत्रं खळ्यातून नेलं. पट्टा तेवढा घावला. मुकादम तिथून दोन शेतं सोडून बाभळीखाली झोपतंय, दुसरीकडं झोपत न्हाई. आबाची घोंगडी त्याला लागती. लगीच पाठव. धुऊ नको. माझ्याजवळ त्यांचं काय न्हाई. जागा संपली. तुझी आई


सोमवार, ९ डिसेंबर, दुपार

वैष्णवी,

हे कार्डावर लिहिण्यासारखं न्हाई म्हणून पुन्हा पाकीट. परत केलंस तर मुकाट्यानं ठिवून घेईन, पर पोस्टमननं वाचलेलं मला चालणार न्हाई. पहिलं परत आलेलं पत्रबी ह्यातच घातलंय. आधी ते वाच.

आज उजेडी चार माणसांनी बिबट्या बघितला. ऊसतोडवाले शेजारच्या बंकटच्या उसाच्या फडात घुसले आन जनावर पलीकडनं निघून ओढ्यात उतरलं. ओढ्यात म्हणजे आपल्या. बंकट म्हणतो, वासराएवढं हाय. बंकटचं सोड, त्याला शेळीबी म्हैस दिसती, पर पायाचे ठसे मी बघून आले. माझी मूठ त्यात मावली. बाभळीपासून पन्नास पावलं न्हाईत. वनखात्यानं पिंजरा आणतो म्हणून सांगितलंय, उद्या. उद्याचं उद्या. आजचा दिवस कलायचाच हाय.

मधल्या दिवसांत काय केलं ते सांगते. माझ्या जुन्या लुगड्यांची नवी वाकळ शिवली, आठ दिवस मी तिच्यावर झोपले आन मग ती बाजेवर टाकली. म्हणलं, घरच्या माणसाचा वास तर लागंल. मुकादम आला, वाकळ हुंगली, शेपूट पायात घालून मागं सरला. भावजी म्हणले, "वहिनी, तुमच्या वासाला तर आमीबी भितो, त्यो तर मुकं जनावर." सुरेखा हसली न्हाई. ती मला म्हणली, "जाऊबाई, आबाचं एकबी कापड ऱ्हायलं न्हाई का घरात? एक टोपी, एक घाम पुसायची दस्ती?"

मी न्हाई म्हणलं. तिच्याकडं न बघता म्हणलं.

आता ऐक. हाय. माझ्याजवळ हाय.

बंडी हाय. खिशावर चुन्याचा डाग पडलेली, तीच. ते गेले त्या सकाळी त्यांनी अंगातून काढून खुंटीला लावली व्हती. घामानं वली. बाया पाणी तापवायला लागल्या तवा मी ती काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आन शेवयाच्या डब्यात घालून कणगीमागं सारली. तू तवा पोचली नव्हतीस. कुणी बघितलं न्हाई. रोज न्हाई, पर ज्या दिवशी अंगात जीवच ऱ्हात न्हाई त्या दिवशी डबा काढते. झाकण उघडते, नाक घालते, लगीच लावते. लई येळ उघडं ठिवत न्हाई, वास उडून जाईल म्हणून.

राख सावडायच्या दिवशी भावकीतल्या बायांनी इचारलं, "छबू, समदं आलं का?" मी म्हणलं, समदं. तोंडातला शब्द सुकला नव्हता आन तू येऊन ढिगातली घोंगडी उचललीस. चार माणसांत. म्हणलीस, "ही माझ्या बापाची हाय, मी नेणार." चोरी न्हाई, लपवालपवी न्हाई. मला कसं झालं सांगू? माझ्या पोटात कणगीमागचा डबा आन तू उजळ माथ्यानं उभी. हात उठला. रीत मोडली म्हणून तुला मारलं न्हाई मी. रीत तुझ्या तीन दिवस आधी मी मोडली व्हती. तुला जमलं ते मला जमलं न्हाई म्हणून मारलं.

आन कुत्र्याचं म्हणशील तर, ती बंडी बाजेवर टाकली असती तर पाच महिन्यामागंच ते घरात आलं असतं. ठावं व्हतं मला. पहिल्या दिवशी ठावं व्हतं. पर कुत्रं चार रोज लोळलं की बंडीला कुत्र्याचाच वास. म्हणून आधी पाचट भरलं, गादी आणली, बाज कापून घेतली. म्हणून तुझ्या मागं लागले. तुझं जाऊ दे, माझं ऱ्हाऊ दे. अशी तुझी आई हाय. आता परत कर पाकीट.

दिवस कलायला लागला. मुकादम अंगणातून उठलंय. आळस देतंय. म्या हाक मारली तर कान हलवला पर थांबलं न्हाई.

भावजी खळ्यावरनं वरडायलेत, ओढ्यात कायतरी हललं म्हणून. मी डबा काढायला जाते. पत्र ऱ्हाऊ दे हितंच.


मंगळवार, १० डिसेंबर, सकाळ

त्याच कागदावर लिहिते.

काल डबा काखेत मारून निघाले. सुरेखा आडवी आली. "जाऊबाई, कुत्र्यापायी जीव देता का?" म्हणली. म्हणलं, "सर बाजूला, कुत्र्यापायी न्हाई." तिला कळलं न्हाई. मलाबी तवा नीट कळलं नव्हतं.

ओढा वलांडला तवा आभाळ तांबडं व्हतं अजून. बाभळीखाली मुकादम अंगाचं मुटकुळं करून पडलेलं. म्या म्हणलं, "ऊठ रे मुकादमा, घरी चल." बघितलं आन डोळे मिटले. मग डबा उघडला. पिशवीची गाठ बसलेली, दातानं सोडली. बंडी भाईर काढली की ते उठलं. लंगडं कुत्रं असं उठलं जसं कुणी नाव घेऊन हाक मारली. नाक खुपसलं त्यात. आवाज न्हाई, भुंकणं न्हाई, नुसता श्वास. मी एक टोक धरलं, एक त्यानं हुंगायचं, आन अशी मागं मागं चालत निघाले.

अर्ध्या वाटंत ते थांबलं. पाठीवरचा केस अन् केस उभा. ओठ वर गेला. डाव्या अंगाला बंकटचा उभा ऊस, दहा पावलावर. वारं पडलेलं, आन ऊस एकाच जागी हलायला लागला. आबा म्हणायचे ते ध्यानात आलं, जनावरापुढं पळायचं नसतं, पाठ दावायची नसती. पळाले न्हाई. मुकादम पुढं जाऊन उभं ऱ्हायलं, माझ्या आन उसाच्या मधी. तीन पायावर. मी त्याच्या गळ्यात बंडीचा फास केला आन वढलं. ते येईना. त्याला मला तिथं सोडून यायचं नव्हतं आन मला त्याला सोडून जायचं नव्हतं. आमी दोघं जिद्दीचे, आबा मधी असते तर दोघांनाबी शिव्या दिल्या असत्या.

तेवढ्यात भावजीनं ट्रॅक्टर आणला ओढ्यापातूर. दिवे लावलेले, भोंगा दाबून धरलेला, आन सुरेखा मागं उभी राहून परात बडवायली. परातीला असा पोचा पडलाय की आता पीठ मळता येत न्हाई तिच्यात. ऊस हलायचा थांबला. आमी पाठ न दावता उलट्या पावलानं ट्रॅक्टरपातूर आलो.

घरी आल्यावर बंडी बाजेवर टाकली. घडी केली न्हाई, आबा टाकायचे तशी टाकली. मुकादम चढला, चार घेरे घेतले, खिशावर हनुवटी ठिवली आन झोपला. दार लावलं तरी उठला न्हाई.

सकाळी भावजी बाभळीकडं जाऊन आले. जिथं कुत्रं पडायचं तिथली माती समदी ठशांनी उठलीय म्हणले. जनावर येऊन बसून गेलंय. वाट बघून गेलंय.

पाकीट आता चिकटवते.

आई


सोमवार, २३ डिसेंबर

वैष्णवी,

ह्या डावाला पाकीट परत आलं न्हाई. म्हणजे तू घेतलंस. फोडलंस का न्हाई ते तुला ठावं. मी रोज पोस्टमनची वाट अडवते, तर परवा म्हणला, "मावशी, तुमच्या भेवानं मी वाट बदलणार हाय, बिबट्याच्या न्हाई."

बिबट्या घावला न्हाई. पिंजरा आठ दिवस उघडाच, आत बांधलेली शेळी खाऊन खाऊन फुगली. हिकडचा ऊस तुटून रान मोकळं झालं तसं जनावर डोंगराकडं सरकलं म्हणतेत. खरं खोटं त्यालाच ठावं. आमी दार लावतोच.

मुकादम बरा हाय. दिवस कलला की स्वतःच आत येतंय. बाभळीकडं आठ दिवसांत एकदाच गेलं, मुतलं आन परत आलं. गळ्याची जखम सुकली. कुणाला कुत्र्याचं अंथरूण करायचं आसंल तर आता माझ्याकडं धाडा, वस्तीवरचे तीन जण बाज बघून गेले. एकानं इचारलं, वरून काय टाकायचं. म्हणलं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

बंडीचं सांगते. परवा मी बाजेजवळ बसले. ते भाकरी खायला उठलं व्हतं. वाकून हुंगली. कुत्रं हाय निसतं. खिशात बोट घालून बघितलं, शिवणीत नाक घातलं. कुत्रं. डबा उघडून बघितला, त्यात निसता शेवयाचा वास. मी रडले न्हाई, उगं काय मनात आणू नको. दिलं ते दिलं. ज्याला त्या वासाची माझ्यापरीस जास्ती गरज व्हती त्याला गेलं, आन ते जितं हाय.

पर आता माझ्याजवळ खरंच काय न्हाई. ह्या डावाला खरंच.

म्हणून एक मागते. घोंगडी न्हाई. घोंगडी पाठवू नको, तुझी हाय, तू चार माणसांत घेतलेली हाय. मारलं ते माझं चुकलं, हे चार माणसांतबी म्हणंन, तू आलीस तर. सुरेखाला म्हणलेच हाय. ती म्हणली, "मला कावून सांगता, पोरीला सांगा." सांगितलं.

मागते ते येवढंच. घोंगडी काढ, एक डाव नाकाला लाव आन मला कळव, तंबाखू, शेण, उन्हाचा घाम, त्यांचा तो वास अजून हाय का. पाकिटात कोरं कार्ड घातलंय. पत्ता मीच लिहिलाय, तुला त्योबी तरास नको. लई लिहू नको. हाय तर 'हाय' लिही. नसंल तर 'न्हाई' लिही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नको. ह्या घरात एक बाई खोटं बोलली तेवढं पुरं.

कार्ड आलं की मी आधी मुकादमाला हुंगायला देणार हाय. तुझ्या जीपमागं फाट्यापातूर गेलतं ते. त्याला कळंल कुणाचा हात लागलाय.

आई